सिनेमा पडला, गाणी राहिली

जॉन विल्सन हे हॉलिवूडमध्ये सिनेमांच्या प्रसिद्धीचे काम करणारे गृहस्थ. १९८० साली त्यांनी ९९ सेंटच्या एका तिकिटात लागोपाठ दोन सिनेमे पाहिले. एक ‘कान्ट स्टॉप द म्युझिक’, दुसरा ‘झॅनडू’. दोन्ही संगीतपट, दोन्ही त्याच उन्हाळ्यात आलेले, आणि दोन्हींवर प्रत्येकी सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झालेला. ते पाहून बाहेर पडताना विल्सन यांना सुचले की, वर्षातल्या सर्वांत वाईट सिनेमालाही बक्षीस असायला हवे. ३१ मार्च १९८१ रोजी, म्हणजे नेमक्या ऑस्करच्या रात्री, त्यांनी आपल्या दिवाणखान्यात मित्रमंडळी जमवून ती बक्षिसे वाटली. ‘गोल्डन रास्पबेरी’ ऊर्फ ‘रॅझी’ हा उपक्रम असा सुरू झाला. पहिल्या वर्षीचा सर्वांत वाईट चित्रपट ठरला ‘कान्ट स्टॉप द म्युझिक’, आणि सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरले ‘झॅनडू’चे रॉबर्ट ग्रीनवाल्ड.

ज्या वर्षी हे बक्षीस जन्माला आले त्या वर्षी वाईट सिनेमांचा काही दुष्काळ नव्हता. तरी ते जन्मले दोन संगीतपटांच्या पोटी. पुढे हेच दोन्ही संगीतपट हजारो लोकांच्या प्रेमाचे धनी झाले. मध्यरात्रीच्या खेळांना लोक रोलर स्केट्स घालून येऊ लागले. २००७ मध्ये ‘झॅनडू’चे ब्रॉडवेवर नाटक झाले, वर्षभराहून अधिक चालले आणि सर्वोत्कृष्ट संगीतिकेच्या टोनी पुरस्काराच्या नामांकनापर्यंत पोचले. या प्रेमाला इंग्रजीत एक ठरलेला शब्दप्रयोग आहे : ‘सो बॅड इट्स गुड’. इतका वाईट की चांगलाच. हा शब्दप्रयोग मला गेली काही वर्षे खटकतो आहे. त्यात प्रेमाचे कारण सांगितल्याचा आव आहे, पण सांगितलेले कारण खरे नाही असे मला वाटते. वाईटपणामुळे कोणी एखादे गाणे चाळीस वर्षे गुणगुणत नाही.

‘झॅनडू’ची गोष्ट सांगायला सोपी आहे आणि सांगणाऱ्याला थोडे ओशाळे करणारी आहे. सनी मलोन नावाचा तरुण चित्रकार रेकॉर्डच्या वेष्टनांवरची चित्रे मोठी करून रंगवण्याची नोकरी करतो आणि वैतागलेला असतो. लॉस एंजेलिसमधल्या एका भिंतीवर रंगवलेल्या नऊ मुली जिवंत होऊन बाहेर येतात. त्या ग्रीक पुराणातल्या कलादेवता, झ्यूसच्या कन्या. त्यांतली एक, किरा, रोलर स्केट्सवरून येऊन सनीला भेटते आणि त्याला प्रेरणा देते. प्रेरणा कशाची, तर रोलर स्केटिंगचा डिस्को क्लब काढण्याची. सरस्वतीने कोणा तरुणाला वर देण्यासाठी हंसावरून उतरावे आणि त्याला ऑर्केस्ट्रा बार टाकायला सांगावा, असा हा प्रकार. पुढे देवतेला माणसाशी प्रेम करायची परवानगी नसल्याने ती परत जाते, तेव्हा सनी स्केट्स बांधून वेगाने त्या भिंतीवर जाऊन आदळतो आणि भिंतीतून पार होऊन थेट देवलोकात पोचतो. तिथे निऑनच्या रेघांखेरीज काही नाही. झ्यूसचा फक्त आवाज ऐकू येतो. बहुधा पैसे संपले असावेत, असे मला दर वेळी वाटते.

सनीचे काम करणाऱ्या मायकेल बेकच्या चेहऱ्यावर सिनेमाभर फारसे काही उमटत नाही. संवाद असे आहेत की, दोन माणसे एकाच खोलीत आहेत यावर विश्वास बसत नाही. आणि या सगळ्यात मध्येच जीन केली येतो. ‘सिंगिंग इन द रेन’चा जीन केली, चित्रीकरणाच्या वेळी वयाच्या अडुसष्टीला आलेला. त्याच्या पात्राचे नाव डॅनी मॅग्वायर. १९४४ च्या ‘कव्हर गर्ल’मध्येही त्याच्या पात्राचे नाव हेच होते. एकेकाळी त्याचा स्वतःचा क्लब होता, तिथे एक मुलगी गात असे, ती निघून गेली. आता रिकाम्या दिवाणखान्यात तिची आठवण काढताना ती मुलगी, म्हणजे किराच, समोर येते आणि दोघे नाचतात. नृत्य साधे आहे. टॅपचे काही ठेके, थोडे वाल्ट्झसारखे फिरणे. कॅमेरा मागे उभा राहून दोघांना डोक्यापासून पायापर्यंत दाखवतो, जसे जुन्या संगीतपटांत दाखवत. ती तीन-चार मिनिटे कोणत्याही चांगल्या सिनेमात शोभली असती. केलीने चित्रपटात केलेले हे शेवटचे नृत्य.

आणि एक प्रसंग. केली आणि सनी एका पडक्या सभागृहात उभे आहेत. पॅन-पॅसिफिक ऑडिटोरियम नावाची ही खरीखुरी इमारत पुढे १९८९ मध्ये जळून गेली. तिथे कसला क्लब काढायचा हे दोघे ठरवत आहेत. केलीच्या मनात चाळिसाच्या दशकातला बँड, पांढरे कोट, तीन गायिका एका माइकपुढे. सनीच्या मनात विजेच्या गिटारी आणि नारिंगी कपडे. पडद्याच्या एका बाजूला एक रंगमंच, दुसऱ्या बाजूला दुसरा. दोन्हींकडे दोन वेगळी गाणी आलटून पालटून चालतात. मग दोन्ही रंगमंच हळूहळू एकमेकांकडे सरकतात आणि शेवटी एकात एक शिरतात, तशी दोन्ही गाणीही एकमेकांवर चपखल बसतात. १९४५ आणि १९८० एकाच तालात नाचू लागतात. नृत्यदिग्दर्शकांपैकी एक होता केनी ऑर्टेगा, ज्याने पुढे ‘डर्टी डान्सिंग’ची नृत्ये बसवली आणि ‘हायस्कूल म्युझिकल’ दिग्दर्शित केला. कपडे भडक आहेत, कल्पना बाळबोध आहे. पण दोन चाली एकमेकींत गुंफण्याचे काम ज्याने केले त्याला संगीत कळत होते, याबद्दल शंका नको.

या लेखासाठी मी ‘झॅनडू’ एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहिला आणि एकदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकला. शिक्षणाने मी चित्रपटाचा अभ्यासक नाही, त्यामुळे असे गावठी प्रयोग करायला मला संकोच वाटत नाही. आवाज बंद केल्यावर पाऊण तासात कंटाळा आला, हसूसुद्धा येईना. पाठ करून ऐकताना संवाद आले की त्रास होई, गाणे आले की मान आपोआप डोलू लागे. म्हणजे हसण्यासाठीही गाणे लागते. डोळ्यांना जे हास्यास्पद दिसते ते कानांना तसे वाटत नाही म्हणूनच आपण हसतो.

ही गाणी होतीही तशी. अर्धी जॉन फॅरार यांची, ऑलिव्हिया न्यूटन-जॉनसाठी. अर्धी जेफ लिन यांची, त्यांच्या इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या बँडसाठी. सिनेमाने अमेरिकेत जेमतेम खर्चाइतका धंदा केला, पण ‘मॅजिक’ हे गाणे तिथे चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. शीर्षकगीत ब्रिटनमध्ये पहिले आले. त्या बँडला ब्रिटनमध्ये मिळालेला हा एकमेव पहिला क्रमांक. रेकॉर्डच्या लाखो प्रती खपल्या. ज्या घरांत सिनेमा कधी पोचला नाही त्या घरांत रेकॉर्ड पोचली होती.

आपल्याकडे या स्थितीला एक साधे वाक्य आहे : सिनेमा पडला, गाणी चालली. ‘जहाँआरा’ १९६४ मध्ये पडला. मदनमोहनची त्यातली गाणी आजही ऐकली जातात आणि ती ऐकताना कोणी ओशाळत नाही. गाणे आणि सिनेमा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्या सोबत जन्मतात पण त्यांचे आयुष्य वेगळे असते, हे भारतीय श्रोत्याला रेडिओने शिकवले. मराठी श्रोत्याला त्याही आधी संगीत नाटकाने. नाटक ऐन रंगात असताना पदाला वन्समोअर मिळे, नट पुन्हा पहिल्यापासून पद म्हणे आणि कथानक बिचारे विंगेत ताटकळत बसे. मरणोन्मुख पात्राने वन्समोअरसाठी उठून बसावे अशा गमती जुन्या मंडळींकडून आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. पण त्या सांगणारा माणूस ते पदही गुणगुणून दाखवतो. थट्टा आणि भक्ती एकाच श्वासात.

अमेरिकी प्रेक्षकाला हे सोपे नव्हते. तिथे संगीतपटाची परंपरा मोठी, पण साठच्या दशकाच्या अखेरीस ती मोडकळीला आली. माणसे बोलता बोलता गाऊ लागली की नव्या प्रेक्षकाला अवघडल्यासारखे होऊ लागले. वास्तववादी सिनेमा हाच खरा सिनेमा, असे मानणारी पिढी आली होती. १९७८ च्या ‘ग्रीस’ने प्रचंड धंदा करून काही काळ हा अवघडलेपणा दूर केला, आणि १९८० चे आपले दोन्ही सिनेमे त्या यशाच्या दोन फांद्या आहेत : ‘ग्रीस’ची नायिका ‘झॅनडू’त आली, आणि ‘ग्रीस’च्या निर्मात्यांपैकी एक, ॲलन कार, याने ‘कान्ट स्टॉप द म्युझिक’ काढला. पण ‘ग्रीस’ पन्नासच्या दशकातल्या शाळकरी आठवणींच्या आडोशाने गात होता. या दोघांना आडोसा नव्हता. ते आजच्याबद्दल गात होते, आणि आज म्हणजे डिस्को.

इथे मला ९९ सेंटवरून ९८ सेंटवर जायचे आहे. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर एका रेडिओ केंद्राने योजना जाहीर केली : सोबत डिस्कोची एक रेकॉर्ड आणा, ९८ सेंटमध्ये आत या. जमलेल्या रेकॉर्ड मैदानाच्या मधोमध सुरुंगाने उडवल्या जातील. स्टीव्ह डाल नावाचा निवेदक सैनिकी हेल्मेट घालून आला. सुमारे पन्नास हजार लोक आत होते. स्फोट झाला, हजारो तरुण मैदानात घुसले, आग लागली, पोलीस आले, त्या दिवसाचा दुसरा सामना रद्द करावा लागला. तिथे त्या दिवशी व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करत होता. पुढे तो शिकागोच्या हाऊस संगीताच्या आरंभीच्या कलावंतांपैकी एक झाला. त्याने सांगितले आहे की, लोक आणत होते त्या सगळ्या रेकॉर्ड डिस्कोच्या नव्हत्या. सोल होत्या, फंक होत्या, त्यांत समान गोष्ट एवढीच की गाणारे काळे होते.

डिस्को हे न्यूयॉर्कमधल्या काळ्या, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या नाचघरांतून वर आलेले संगीत. ‘डिस्को भिकार आहे’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या मनात द्वेष होता असे मी म्हणणार नाही. रेडिओवर सकाळ-संध्याकाळ एकच ठेका ऐकून कोणीही वैतागला असता. पण ९८ सेंटच्या त्या रात्रीनंतर पुढच्याच वर्षी ९९ सेंटची ती दुपार आली, आणि मधल्या काळात ‘वाईट’ या शब्दात काय काय मिसळले गेले ते चाळून पाहिल्याशिवाय ‘इतका वाईट की चांगला’ या वाक्यातला ‘वाईट’ कोणाचा, हे कळत नाही.

‘कान्ट स्टॉप द म्युझिक’ या दृष्टीने फार बोलका आहे, तो गप्प बसतो म्हणून. हा ‘व्हिलेज पीपल’ या गटाच्या जन्माची काल्पनिक कथा. पोलीस, काउबॉय, बांधकाम मजूर, सैनिक, चामडी कपड्यातला मोटारसायकलवाला, डोक्यावर पिसे खोवलेला रेड इंडियन : हे सगळे वेष समलिंगी पुरुषांच्या कल्पनाविश्वातून उचललेले. गट घडवणारा संगीतकार झाक मोराली स्वतः समलिंगी. निर्माता कारही. आणि सिनेमात त्या गोष्टीचा एका शब्दाने उच्चार नाही. स्टीव्ह गुटेनबर्ग मोरालीचे बालिश, निरुपद्रवी रूप साकारतो, ऑलिंपिक विजेता जेन्नर एका बुजऱ्या वकिलाचे काम करतो, आणि दोन तास सगळे जण सारखे हसत असतात. दिग्दर्शन नॅन्सी वॉकर या विनोदी अभिनेत्रीचे. तिने दिग्दर्शित केलेला हा एकच चित्रपट. कथा जागची हलत नाही. मग ‘वायएमसीए’ हे गाणे येते. व्यायामशाळेत पुरुष कसरती करतात, कुस्ती खेळतात, ओळीने पोहण्याच्या तलावात सूर मारतात, तेही तिसाच्या दशकात बझ्बी बर्कलीच्या सिनेमांत मुली जशा मारत त्याच थाटात. जे संवादात बोलता आले नाही ते सगळे या एका गाण्यात उघड्यावर, दुपारच्या उजेडात मांडलेले आहे. ते पाहून न्यूयॉर्कच्या किंवा सिडनीच्या एखाद्या तरुणाला जे कळले असेल, ते समीक्षकांच्या परीक्षणांत नव्हते.

खर्चाच्या तुलनेत सिनेमाने जवळजवळ काहीच मिळवले नाही. अमेरिकेतली कमाई सुमारे वीस लाख डॉलर. पुढच्या दहा वर्षांत एड्सने काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. मोराली १९९१ मध्ये त्याच आजाराने गेला. त्या काळात व्हिडिओ कॅसेटवर हा सिनेमा पुन्हा पुन्हा पाहणारे समलिंगी प्रेक्षक त्याला हसत होते यात शंका नाही. पण १९८० चा उन्हाळा हा त्यांच्यापैकी अनेकांसाठी मरणाची बातमी येण्याआधीचा शेवटचा उन्हाळा होता. एका मूर्ख सिनेमात तो उन्हाळा जसाच्या तसा साठवलेला राहिला. शहाण्या सिनेमांत तो नव्हता, कारण शहाणे सिनेमे त्या माणसांकडे पाहतच नव्हते.

सुझन सोन्टॅग यांनी १९६४ साली ‘कॅम्प’ या अभिरुचीवर लिहिलेली टिपणे या विषयातला पाया मानली जातात. अस्सल कॅम्प हे निरागस असते, मनापासून गंभीर असलेले पण जमून न आलेले. आणि ही अभिरुची मुळात प्रेमळ असते, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. त्या निरागसतेचा पुरावा हवा असेल तर ‘शॉक ट्रीटमेंट’ पाहावा. ‘रॉकी हॉरर पिक्चर शो’ हा १९७५ चा संगीतपट आधी पडला आणि १ एप्रिल १९७६ पासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात मध्यरात्री लागू लागला. प्रेक्षक पडद्याला उत्तरे देऊ लागले, पडद्यावर लग्न लागले की इकडे तांदूळ उडू लागले, तिकडे पाऊस पडला की इकडे डोक्यावर वर्तमानपत्रे आली. अक्षता टाकणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. तो सिनेमा आजही कुठे ना कुठे चालू आहे. ते पाहून त्याच दिग्दर्शकाने आणि त्याच लेखक-संगीतकाराने १९८१ मध्ये ‘शॉक ट्रीटमेंट’ काढला आणि तो थेट मध्यरात्रीच्या खेळांसाठीच सोडला. कल्ट आधीच गृहीत धरलेला. प्रेक्षक आलेच नाहीत. वेडेपणाची जागा ठरवून रिकामी सोडली की त्यात कोणी येऊन बसत नाही.

सोन्टॅग यांच्या मांडणीत मला उणे वाटते ते गाण्यापुरते. न जमलेली गंभीरता, हे संगीतपटाबाबत अर्धेच खरे आहे. संवाद फसतो तेव्हा पूर्ण फसतो. पण गाणे फसलेल्या प्रसंगात असूनही स्वतः जमलेले असू शकते. भिंतीवर आदळणारा सनी हास्यास्पद आहे. त्याच्यासाठी निऑनच्या देवलोकात उभी राहून ऑलिव्हिया न्यूटन-जॉन जे गाते ते हास्यास्पद नाही. तिचा आवाज बारीक, स्वच्छ आणि नको इतका प्रामाणिक आहे. आपण कुठल्या सिनेमात आहोत हे तिला माहीत नसावे असे ती गाते. हसता हसता प्रेक्षक मध्येच थांबतो तो इथे. ‘जहाँआरा’चे गाणे आपण सिनेमातून सोडवून घेतो आणि सिनेमा विसरतो. ‘झॅनडू’चा चाहता गाणे सोडवून घेत नाही. त्याला भिंत, स्केट्स, निऑन आणि तो आवाज सगळे एकत्र हवे असते, कारण एवढ्या पसाऱ्यातही तो आवाज डगमगत नाही हेच त्याला पुन्हा पुन्हा पाहायचे असते.

गाणीच कच्ची असतील तर काय होते, ते त्याच १९८० मधल्या ‘द ॲपल’मध्ये दिसते. मेनाहेम गोलन यांचा, पश्चिम बर्लिनमध्ये चित्रित झालेला, १९९४ च्या भविष्यात घडणारा. एक सैतानी संगीत कंपनी जगावर राज्य करते, आणि शेवटी आकाशातून मोटारीत बसून देवासारखा एक माणूस येतो आणि हिप्पींना घेऊन जातो. याचेही चाहते आहेत. मी मात्र दोनदा प्रयत्न करून त्यांच्यात सामील होऊ शकलो नाही. त्या हास्याला धरून ठेवायला काही नाही. उलट १९७८ चा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ : गाणी बीटल्सची, म्हणजे अव्वल, पण ती आधीच दुसऱ्या कंठांत पक्की झालेली. बी जीज ती गातात तेव्हा काहीच पणाला लागत नाही.

पाश्चात्त्य चाहत्यांच्या याद्यांमध्ये आपला ‘डिस्को डान्सर’ हमखास असतो. बी. सुभाष दिग्दर्शित, १९८२ चा. वीज सोडलेल्या गिटारला हात लागून नायकाची आई मरते आणि नायकाला गिटारचीच दहशत बसते, हा प्रसंग परदेशी प्रेक्षकाला फार आवडतो. बप्पी लाहिरींच्या काही चाली कुठून आल्या हेही लपलेले नाही. ‘जिमी जिमी’मागे ओटावान या फ्रेंच जोडीचे गाणे उभे आहे. पण हाच सिनेमा १९८४ मध्ये सोव्हिएत संघात लागला आणि त्याची सहा कोटींहून अधिक तिकिटे खपली. त्या सहा कोटींना ‘इतका वाईट की चांगला’ या वाक्याची गरज पडली नाही. मिथुनच्या जिमीचे दुःख हे त्यांना दुःखच वाटले. लंडनची श्रीलंकन तमिळ वंशाची गायिका एम.आय.ए. हिने २००७ मध्ये ‘जिमी’ पुन्हा गायले, तेही थट्टेने नव्हे. लहानपणी घरच्या समारंभांत ती याच गाण्यावर नाचत असे. आणि २०२२ मध्ये कोविडच्या कडक टाळेबंदीत चिनी लोकांनी हे गाणे उचलले. ‘जिमी’चा उच्चार चिनी भाषेतल्या ‘तांदूळ द्या’ या शब्दांच्या जवळ जातो. लोक रिकामी भांडी हातात घेऊन, साडीसारखे काही गुंडाळून, पार्वती खानच्या आवाजावर ओठ हलवत होते. सरकारला सरळ सांगता येत नव्हते ते एका चाळीस वर्षे जुन्या, समीक्षकांनी टाकून दिलेल्या सिनेमातल्या गाण्यातून सांगितले गेले. हसू तिथेही होतेच. पण ते कोणाला हसत होते ते पाहा.

हसण्याचा रोख बदलला की काय होते, ते ‘कॅट्स’ने दाखवले. डिसेंबर २०१९ मध्ये आलेला टॉम हूपर यांचा हा संगीतपट ॲन्ड्र्यू लॉइड वेबरच्या १९८१ च्या संगीतिकेवर आधारलेला. नामवंत नट-नटींच्या अंगावर संगणकाने मांजरांची लव चढवलेली. प्रीमियरच्या आदल्या दिवशीपर्यंत काम चालू होते. प्रदर्शनानंतर लगेच सुधारित दृश्यांची नवी प्रत चित्रपटगृहांना पाठवावी लागली. पहिल्या प्रतीत जूडी डेंचचा माणसाचा हात अंगठीसकट तसाच राहून गेला होता. महिन्याभरात आरडाओरड्याचे खास खेळ सुरू झाले. पूर्वी कल्ट व्हायला वर्षे लागत, इथे पहिल्या आठवड्यात तो घोषित झाला. फेब्रुवारी २०२० च्या ऑस्कर सोहळ्यात याच सिनेमातले दोन नट मांजरांच्या वेषात मंचावर आले आणि चांगल्या दृश्य-करामतींचे महत्त्व आम्हाला कोणापेक्षाही जास्त कळते, अशा अर्थाचा विनोद केला. सभागृह हसले. दृश्य-करामती करणाऱ्यांच्या संघटनेने दुसऱ्या दिवशी निषेध नोंदवला. ते काम एमपीसी आणि मिल फिल्म या टेक्निकलर समूहातल्या कंपन्यांनी केले होते. त्या समूहाचे एक मोठे केंद्र आपल्या बेंगळुरूत होते, आणि २०२५ मध्ये समूह कोसळला तेव्हा तिथली माणसेही रस्त्यावर आली. दिग्दर्शकाचा हट्ट, निर्मात्याची घाई आणि विनोद रात्रंदिवस लव चिकटवणाऱ्यांवर. ‘झॅनडू’ला हसणारा प्रेक्षक स्वतःलाही थोडा हसत असतो, कारण गाणे त्यालाही आवडलेले असते. त्या रात्रीच्या सभागृहात तसे काही नव्हते.

गेल्या वर्षी आमच्या दहा-बारा जणांच्या सिनेमा पाहणाऱ्या गटात मी ‘झॅनडू’ दाखवला. गटात निवृत्त शिक्षक आहेत, एक औषधविक्रेते आहेत, दोघे-तिघे पंचविशीतले आहेत. काहीही प्रस्तावना केली नाही. नऊ मुली भिंतीतून बाहेर आल्या तेव्हा तरुण मंडळी खुदखुदली. सनी भिंतीवर आदळला तेव्हा सगळेच हसले, औषधविक्रेते तर खोकेपर्यंत. दोन रंगमंच सरकत एकत्र आले त्या वेळी एकाने, हे चांगलं केलंय हां, असे अर्धवट स्वतःशी म्हटले. जीन केलीच्या नाचाला कोणी हसले नाही. केली कोण हे त्यांतल्या निम्म्यांना माहीत नव्हते. एक म्हातारा माणूस एका मुलीबरोबर रिकाम्या खोलीत नाचतो आहे एवढेच त्यांना दिसत होते. सिनेमा संपल्यावर चहा झाला आणि शिव्या घालणे सुरू झाले. कथा, संवाद, कपडे, नायक, एकेक घेऊन सगळ्यांनी मनसोक्त झोडपले. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होतो, तेवढ्यात आमच्यातल्या सर्वांत वयस्कर बाई, सत्तरी ओलांडलेल्या, कप खाली ठेवून म्हणाल्या, “ते सगळं खरं. पण त्या म्हाताऱ्याचा नाच तेवढा परत लावा.”

मी वायर सोडली. परत लावला.